कापलेले श्वास

"थांबा... आत तुमच्याबरोबर आणखी कोणी आहे का?"

हेडफोनमधला हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. नेहमीचे रेकॉर्डिस्ट काका निवृत्त झाले होते आणि काचेपलीकडे त्यांच्या खुर्चीत हा कोणी नवा तरुण बसला होता. तिने रेकॉर्डिंगच्या त्या एवढ्याशा खोलीत उगाच मागे वळून पाहिलं.

"कोणी नाही. का?"

"नाही, म्हणजे... गुरगुरल्यासारखं काहीतरी आलं."

तिचे कान तापले. पोट! अकरा वाजले की तिचं पोट बोलायला लागायचं, आणि पुढ्यातला माइक असला चहाटळ, की पान उलटल्याची सळसळसुद्धा पोटात ठेवत नसे.

"ते माझं पोट आहे," ती ठसक्यात म्हणाली. "त्याला वाचता येत नाही. दुर्लक्ष करा."

तो हसला. हसू छान होतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

राग हल्ली तिच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा, आणि का नसावा? वजन तिचं, पण त्यावर मालकी साऱ्या जगाची! मागे एकदा लांबलचक वाक्य वाचताना मध्येच तिचा दम संपला होता. आवाजावर पोट असलेल्या बाईचा दम! डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायला सांगितलं, दिवसाच्या कॅलरी ठरवून दिल्या, आणि तिने ते मनावर घेतलं. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आला. झालं, घरादाराला कंठ फुटला. आई म्हणे, "तू अशी मोजून खातेस, मला घास गिळवत नाही." मावशी म्हणे, "काटा काय लावतेस, सोनार आहेस का?" हीच मावशी वर्षभरापूर्वी "जरा कमी खात जा गं" म्हणत होती. या मंडळींची तोंडं नेमकी कुठल्या वजनाला बंद होतात, ते एकदा कुणीतरी तिला सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या पुस्तकाशेजारी एक केळं ठेवलेलं होतं.

"हे काय?"

"रेकॉर्डिंगच्या आधी खाल्लं की पोट गप्प बसतं," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळेच..."

"मी मागितलं होतं?"

"नाही."

"मग उचला. भूक म्हणजे काय घराला आग लागलीय, धावत सुटायला? येते, थोडा दंगा करते, आपण भीक घातली नाही की मुकाट्याने जाते. पंधरा-वीस मिनिटं काढायची, बस. मला पहिल्यांदा रडू यायचं. आता नाही येत."

त्याने केळं उचललं. दारापर्यंत गेला आणि थबकला.

"ती पंधरा-वीस मिनिटं... एकटीनेच काढावी लागतात का?"

"चला तर, काढा माझ्याबरोबर," ती पुस्तक मिटत म्हणाली.

मग रोज अकरा वाजले की रेकॉर्डिंग थांबू लागलं. दोघं बाहेरच्या जिन्यात बसत, ती वरच्या पायरीवर, तो खालच्या. तो विचारायचा, "आता कुठवर आली भूक?" ती म्हणायची, "गळ्याशी," आणि थोड्या वेळाने, "उतरली." मधल्या वेळात गप्पा. तिने सांगितलं, की आजवर आपण फक्त 'कृपया थोडा वेळ थांबा' असलंच काहीबाही टेलिफोनवाल्यांसाठी वाचत आलो. ऑडिओबुकसाठी वाचायची ही जाडजूड कादंबरी पहिलीच. ही हातची गेली, तर पुन्हा जन्मभर लोकांना थांबायलाच सांगत बसावं लागेल. तो मान वर करून ऐकत राहायचा... आणि तिच्या लक्षात यायचं, की भूक केव्हाच उतरलीय आणि आपण अजून बसलोच आहोत.

आणि एके दिवशी ती कादंबरी काढणाऱ्या प्रकाशक मॅडमचा फोन आला.

"पहिली प्रकरणं ऐकली. बाई गं, तू श्वास घेतेस की नाही? यंत्राने वाचल्यासारखं वाटतंय. हे असंच असेल तर मला दुसरा आवाज बघावा लागेल."

तिने ती प्रकरणं लावून ऐकली. वाक्यामागून वाक्य येत होतं, आणि मधे ठार शांतता. ती तडक त्याच्या खोलीत शिरली.

"माझे श्वास कुठे आहेत?"

त्याचा चेहरा उतरला. "अकराच्या आधीही येणारे पोटाचे आवाज काढत होतो. ते नेमके श्वासाला चिकटून यायचे, म्हणून... म्हटलं, कुणाला कळायला नको. तुम्हाला कोणी बोलायला नको."

"म्हणून मलाच कापून टाकलंत?" तिचा आवाज चढला. "त्या दमासाठी तर मी उपाशी पोटाशी भांडतेय! आणि लपवायचं काय त्यात? मी काय चोरी करते? आई वाढून काळजी करते, तुम्ही कात्री चालवून करता. मला विचारायचं मात्र कुणाच्याही डोक्यात येत नाही!"

तो म्हणाला, "चुकलं माझं. मूळ रेकॉर्डिंग आहे, तुमचा एकही श्वास मी टाकलेला नाही. मॅडमना मी सांगतो."

"मी सांगणार."

आणि तिने त्याच्यासमोरच फोन लावला. "मॅडम, मी वजन कमी करतेय. सकाळी पोट वाजतं. उद्यापासून मी जेवून दुपारी येईन. ती प्रकरणं आम्ही श्वासासकट पुन्हा पाठवतो. ऐका, आणि तरीही दुसरा आवाज हवा असेल तर खुशाल बघा."

मग दोघं शेजारी बसले आणि एकेक श्वास जागच्या जागी बसवू लागले. तो न चुकता सांगत होता, "इथे तुम्ही नायकावर चिडलात... इथे हसू दाबलंत."

"एवढं ऐकत होतात?"

"कामच आहे माझं."

"कामापुरतंच?"

तिने बघितलं, तर त्याचे कान लाल झाले होते. तिने हळूच त्याच्या हातावर हात ठेवला.

संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, 'हं, आता माणूस वाचतंय. पुढची प्रकरणं लवकर पाठव.' ती आनंदाने ओरडलीच. तो मात्र कसनुसा हसला.

"आता काय झालं?"

"काही नाही. चांगलंच झालं."

"नीट बोला. आणि काहीही कापू नका."

"म्हणजे... उद्यापासून तुम्ही जेवून येणार." तो अडखळला. "मग आपण जिन्यात... बसणार कधी? मी सकाळपासून त्या अकरा वाजण्याची वाट बघत असतो. तुम्ही मला फार आवडता हो... आणि तुम्हाला भूक लागावी असं मला वाटतं, हे किती वाईट आहे!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणाच्या बोलण्याचा राग आला नाही. ती खिदळली आणि तिने त्याचा हात धरला.

"संध्याकाळी सहाला मला पुन्हा भूक लागते," ती म्हणाली.

"रोज?"

"अगदी रोज. जेवण होईपर्यंत."

"मग मी येऊ... बसायला?"

"बसायला कशाला, जेवायलाच ये. पण माझ्या ताटात काय नि किती, ते मी ठरवणार."

"आणि माझ्या?"

"ते तुझं तू बघ. मला काय त्याचं?" ती फणकाऱ्याने म्हणाली; पण त्याचा हात काही तिने सोडला नाही.