फळ्यांची दुसरी जोडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये कुणी खुसखुस केली तर मी गोष्ट अर्धी टाकून उठेन. ऐकीव नाही ही. ज्याच्यावर गुदरली तो माझ्या चांगल्या ओळखीचा, खाडीकाठच्या राखीव पाणथळीचा रखवालदार. फुलांच्या दिवसांत तिथला सगळा चिखल निळा होतो. माणसं लांबून येतात, लाकडी पुलावरून बघून जातात. खाली पाय ठेवायची कुणाला परवानगी नाही. रखवालदार तेवढा उतरतो, तोही पायांना रुंद फळ्या बांधून. मग माणूस रुतत नाही आणि कोंबही मोडत नाहीत.

या पठ्ठ्याने लग्न केलं ते आधीच्या रखवालदाराच्या विधवेशी. आधीचा त्याच चिखलात गेला होता, पायांतल्या फळ्यांसकट. ना तो सापडला, ना फळ्या. याला नोकरी मिळाली, घर मिळालं, बायको मिळाली. पण बायको पुरती मिळाली नाही, असं याच्या मनाने घेतलं. पहिला जिथे गेला तिथे दर वर्षी फुलांचा दाट पुंजका यायचा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमका तोच दिसायचा. भांडी घासताना ती तिकडे बघत राहायची. याचा नुसता तिळपापड. जिवंत माणसाशी दोन हात करता येतात, मेलेल्याशी भांडायचं कसं?

"एवढं काय बघतेस?" त्याने एकदा विचारलं.

"फुलं," ती म्हणाली. "तुम्हीच तर राखता ना?"

ती अमावास्येची रात्र. ओहोटी पुरती लागलेली. जेवण झालं तसा तो उठला.

"पुलाजवळची दोरी सुटलीय. बांधून येतो."

"अहो, सकाळी बांधा की."

"सकाळी माणसं येतात."

त्याने फळ्या बांधल्या, मोबाइलचा उजेड खाली धरला आणि निघाला. दोरी कसली नि काय! ज्या फुलांना हात लावला म्हणून लोकांवर खेकसायचा, तीच उपटायला निघाला होता. कुंपणच शेत खायला लागलं.

थप... थप... चिखलावर फळ्या वाजत होत्या. मध्येच त्याला वाटलं, आवाज जोडीने येतोय. तो थांबला. मागचा आवाजही थांबला... एक पाऊल उशिरा.

पुंजक्याशी पोचला. फुलं ओढली, पण मुळं खोल, सुटेनात. मग रागाच्या भरात त्याने जे केलं, ते त्या कामातला माणूस जीव गेला तरी करत नाही. उजव्या पायाची फळी सोडली आणि तिनेच खणायला लागला. मुळं निघाली. पण पाय मांडीपर्यंत आत गेला.

मोबाइल पडला. विझला.

थप.

मागून.

थप... थप...

त्याने डोळे मिटले. आता खांद्यावर हात पडणार...

पडला नाही. आवाज शेजारून गेला. सावकाश. याच्यापाशी न थांबता. पुढे... घराकडे.

खिडकीत दिवा होता. बायकोला हाक मारायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात...

दार उघडलं. उजेड पायरीवर पडला.

दार लागलं.

दिवा गेला.

भीती केव्हाच पळाली होती, मत्सराने तो नुसता जळत होता. "मला बुडवायला आला असता तर परवडलं असतं," असं मला म्हणाला तो. सोडलेली फळी आडवी टाकली, तिच्यावर छाती टेकली आणि सरपटत, धडपडत कसाबसा घरी पोचला. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार.

"पुन्हा कुठे गेला होतात?" बायको झोपेतच म्हणाली.

"पुन्हा?"

"मघाशी आलात ना... हात केवढे गार होते." ती कुशीवर वळली. "पण बरं वाटलं हो. किती दिवसांनी असे जवळ बसलात."

रात्रभर दारात बसून राहिला.

उजाडल्यावर पायरीच्या कडेला फळ्यांची एक जोडी दिसली. याची नव्हे. काळी पडलेली, कालवं चिकटलेली. बायकोने बघितली. धुतली आणि आत खुंटीला टांगली, याच्या फळ्यांच्या वर. काढ म्हणायची याची छाती झाली नाही.

अजून तिथेच आहे ती जोडी, मी पाहिलीय. फुलांच्या दिवसांत तो आता रात्री घर सोडत नाही. दाराला आतून कडी घालतो, अंथरूण दारातच टाकतो.

तरी सकाळी वरच्या फळ्या ओल्या असतात.