नर क्रमांक सात

"शिडी तिथे नको! खाली कोळी आहेत!"

मी ओरडले आणि नवा वायरमन अर्ध्या शिडीवर थिजला. प्राणिसंग्रहालयाच्या कोळी-विभागातला उबेचा दिवा गेला होता, म्हणून त्याला पाठवलं होतं. माझं काम काचपेट्यांसमोर बसून कोळ्यांचं प्रेम वहीत टिपण्याचं. नियम एकच – दिसेल तेवढंच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही. आई म्हणते, "दिवसभर कोळ्यांची स्थळं बघतेस, स्वतःचं कधी बघणार?"

तो हळूच खाली उतरला आणि काचेला नाक लावून उभा राहिला. "हा पांढरं काय घेऊन निघालाय?"

"माशी. रेशमात गुंडाळलेली. समोरच्या मादीसाठी."

"वा! म्हणजे रिकाम्या हातानं जायची सोय नाही."

"काही लबाड नुसतंच रेशीम गुंडाळून नेतात. आत काही नसतं."

"मग?"

"ती उघडून बघते… आणि बऱ्याचदा चालती होते."

"उघडून बघते तरी!" तो हसला. हसताना त्याचा डावा खांदा जरासा वर जातो.

विभागातली सगळी वायरिंग बदलायला त्याला शुक्रवारपर्यंत वेळ होता. मंगळवारी त्यानं न सांगता माझ्या डुगडुगत्या खुर्चीचा पाय घट्ट केला. बुधवारी माझ्यासाठी पेरू आणला आणि बोलता बोलता अर्धा स्वतःच खाल्ला. गुरुवारी मात्र तो फिरकलाच नाही. माझं सगळं लक्ष दाराकडे, आणि कोळ्यांच्या दोन भेटी लिहायच्या राहून गेल्या. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सगळे दिवे लागले. त्यानं हत्यारं पिशवीत भरली. आता हा जाणार, आणि मी तोंड उघडलं नाही तर पुन्हा कशाला येतोय… बोलायचं सोडून मी वही पुढे सरकवली. "काम झाल्याची सही करा."

गडबडीत भलतंच पान उघडलं होतं.

"नर क्रमांक सात," तो वाचू लागला. "मंगळवार – खुर्चीचा पाय. बुधवार – पेरू, अर्धा. गुरुवार – आला नाही." त्यानं पेट्यांवर नजर फिरवली. "पण इथे नर तर सहाच आहेत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आणि 'मादीचा प्रतिसाद' हा रकाना कोराच?"

"दिसेल तेवढंच लिहायचं असतं," मी पुटपुटले. "स्वतःचं… स्वतःला कुठे दिसतं?"

त्यानं उघडी वही खाली ठेवली. मग खिशातून कागदाची छोटी पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. त्याचे कान लाल झाले होते.

"काल रजा टाकून बाजारभर हिंडलो. तुम्हाला काय आवडेल, काही सुचेना. आधीच सांगतो – आत काही नाहीये."

तरी मी पुडी उघडली. घडी न् घडी उलगडून पाहिली. खरंच काही नव्हतं.

मग पेन्सिल उचलली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो रकाना भरला – 'पुडी रिकामी. मादी थांबली.'