वरच्या मजल्यावरची कोमट फरशी

जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात डोकं खुपसून, कानाला फोन लावून, ती मीटरवरचे आकडे वाचायची खटपट करत होती. पलीकडून वीज कंपनीच्या बाई साखर घोळलेल्या आवाजात पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या, "मीटरचा नंबर सांगता ना?" नंबर दिसला तर सांगणार ना बिचारी! आकडे मुंगीएवढे, काचेवर धूळ, आणि नव्या घरातला तिचा एकमेव टॉर्च कुठल्या खोक्यात गेला होता ते देवालाच ठाऊक.

एवढ्यात तिच्या खांद्यावरून उजेडाचा एक गोल मीटरवर येऊन थांबला. मागून कुणीतरी हळू आवाजात आकडे वाचायला लागलं. एक आकडा तो वाचायचा, तोच ती फोनमध्ये म्हणायची. शाळेतल्या पाढ्यांसारखं चाललं होतं. नंबर संपला, कंपनीच्या बाईंनी अभिनंदन केलं, आणि ती वळली. टॉर्चचा उजेड खालून पडल्यामुळे त्याची आधी हनुवटी दिसली, मग हसू दिसलं... डोळे सगळ्यात शेवटी.

"मी वरचा," तो म्हणाला.

"मी खालची," ती म्हणाली.

तेवढ्यावर दोघांची बारशी उरकली. पुढे कितीतरी दिवस ते एकमेकांना वरचे आणि खालच्या असंच म्हणत राहिले.

घर दोनच मजल्यांचं. खाली ती, वर तो. कपाटात दोन मीटर एकावर एक बसवलेले. घरमालकीणबाई फार व्यवस्थित; त्यांनी पांढऱ्या रंगाने वरच्या मीटरवर 'वरचं घर' आणि खालच्या मीटरवर 'खालचं घर' असं स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलं होतं. कुणाचाही गोंधळ नको, म्हणून. त्याप्रमाणे तिने खालचा मीटर आपल्या नावावर करून घेतला. तो तिच्या आधी थोडेच दिवस आलेला, त्याने वरचा घेतला होता.

ती मातीचे कप, बशा, वाडगे घडवायची आणि विजेच्या भट्टीत भाजायची. ही भट्टी हेच तिच्या घर सोडण्याचं कारण. दादाकडे राहत होती तेव्हा भट्टी पेटली की घरातले दिवे मंद व्हायचे आणि वहिनीचा आवाज चढायचा. दादा वाईट नव्हता, पण हिशेबी होता. निघताना त्याने स्पष्ट सांगितलं होतं, की वीज कंपनी कुणाची मावशी नसते. पहिली दोन बिलं आली की परत येशील, आणि परत आलीस की भट्टी विकायची, मुकाट्याने माझ्या ऑफिसात बसायचं. तिने मान डोलावली होती. मनात मात्र म्हटलं होतं, बघूच.

आणि पहिलं बिल आलं... ते इतकं हलकं, की तिने उलटून मागची बाजूही बघितली. मागे काहीच नव्हतं. भट्टी चालवूनही एवढंसं? तिने लगोलग दादाला फोन लावला आणि आपण कंपनी कशी पारखून घेतली, संध्याकाळचे दिवे कसे मोजून लावतो, याचं पाल्हाळ लावलं. दादा गप्प झाला. दादाला गप्प करणं ही तिच्या आयुष्यातली मोठी कमाई होती. त्या आनंदात ती भट्टी अर्धी भरलेली असतानाही पेटवायला लागली. हातातला कप भाजून कसा निघतो हे बघायची घाई तिला लहानपणापासूनच, आता तर काय, रान मोकळंच होतं.

त्याच संध्याकाळी वरचा जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेला दिसला. हातात त्याचं बिल.

"एवढं वाईट?" तिने विचारलं.

त्याने बिल पुढे केलं. ते बघून तिचे डोळेच पांढरे झाले. एकटा माणूस, दिवसभर कामावर, आणि बिल एखाद्या खानावळीचं. फ्रीज बिघडला असेल, हीटर खात असेल, कंपनी लुटत असेल, अशा सगळ्या शक्यता त्याने तपासल्या होत्या. पुढे एक कंपनी सोडून त्याने दुसरीही धरून पाहिली. नवी कंपनी जुनीपेक्षा जास्त गोड बोलायची, एवढाच फरक.

मग काय, आमच्या खालचीला सल्ला द्यायचा जोर आला. तुम्ही काळजी करू नका, म्हणाली, मला बघा, मी भट्टी चालवते तरी माझं बिल एवढंसं. मी शिकवते तुम्हाला.

अशी ती शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की ती वर जायची आणि त्याच्या घरातलं काहीतरी बंद करून यायची. आधी दिवाणखान्यातले दिवे, मग गरम पाण्याची टाकी, मग हीटर. तो नाही म्हणायचा नाही. ती बटण दाबायची, तो कौतुकाने बघायचा, आणि खोलीत एकेक कोपरा काळोखाचा होत जायचा. मग दोघं खिडकीतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात बसून कॉफी प्यायचे. त्या अर्ध्या अंधारात बोलणं आपोआप हळू व्हायचं. तो दातांच्या प्रयोगशाळेत काम करायचा, लोकांच्या तोंडात बसणारे चिनीमातीचे दात घडवायचा. हे कळलं त्या दिवशी ती पोट धरून हसली.

"म्हणजे तुम्हीही मातीच भाजता की."

"भाजतो. फक्त तुमच्या कपाबद्दल कुणी तक्रार करत नाही, की चावताना दुखतो म्हणून."

"पण माझ्या कपाला ओठ लागतात," ती बोलून गेली, आणि तिने घाईने आपल्या कपात तोंड लपवलं.

थंडी वाढली. हीटर तर तिनेच बंद करायला लावलेला. तिने काळजीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, की एक गंमत आहे. तुमची भट्टी पेटली की माझ्या आतल्या खोलीची फरशी कोमट होते. मी उशी घेऊन तिथेच बसतो. त्या दिवशी मला कसलाच हीटर लागत नाही. तुमची भट्टी आहे म्हणून थंडी निघतेय माझी, नाहीतर कुडकुडून गेलो असतो. असं म्हणून त्याने तिचे आभार मानले, आणि तिला आपण फार उदार बाई आहोत असं वाटलं.

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. संध्याकाळ झाली की तिचे कान जिन्याकडे लागायचे. त्याच्या बुटांचा आवाज तिला पाठ झाला होता. चाकावर माती फिरत असताना तिचं लक्ष उडायचं आणि वाडगा भलतीकडेच कलायचा. असे कितीतरी कललेले वाडगे तिने मोडलेच नाहीत. प्रेमात पडलेल्या माणसाला चूकही गोड लागते, दुसरं काय.

आणि मग एका संध्याकाळी तो पायरीवर बसूनच म्हणाला, "मी महिनाअखेरीला घर सोडतोय."

तिने हातातला कप पायरीवर ठेवला.

तो खाली बघून सांगत होता. शिकवणीचा काही उपयोग झाला नाही. सगळं बंद केलं तरी बिल चढतंच आहे. प्रयोगशाळेच्या मागे एक लहानशी खोली आहे, मालक राहू देतो म्हणालेत. लांब आहे जरा, पण वीज त्यांची. घरमालकीणबाईंना अजून सांगितलं नाही, उद्या सांगेन.

"लांब म्हणजे... संध्याकाळी येता येणार नाही इतकं?"

"रोज नाही येता येणार," तो म्हणाला. आणि उठून वर गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. भट्टी पेटलेली होती आणि तिचं कशातच लक्ष नव्हतं. कंपनीला महिन्याचा आकडा कळवायचा होता म्हणून ती टॉर्च घेऊन कपाटात गेली. मीटरवर एक तांबडा दिवा असतो. घरात वीज जितकी जास्त खर्च होते तितका तो भराभर लुकलुकतो. तिच्या मीटरवरचा दिवा मात्र झोपल्यासारखा होता. एकदा लुकलुकला, मग कितीतरी वेळ काहीच नाही. वर बघितलं, तर वरच्या मीटरचा दिवा नुसता फडफडत होता. वर तर सगळं बंद होतं. तो घरातही नव्हता.

ती धावत घरात गेली. भट्टी बंद केली, परत आली. वरचा दिवा शांत. भट्टी लावली, परत आली. वरचा दिवा पुन्हा फडफडायला लागला.

ती तिथेच खाली बसली. घरमालकीणबाईंनी वरचा मीटर वरचा असणार असं धरून रंगाचा ब्रश चालवला होता, आणि आत तारा उलट्या गेल्या होत्या. आधीची दोन्ही कुटुंबं सारखीच वीज वापरणारी असतील, कुणाच्या लक्षात आलं नसेल. आता मात्र तिची भट्टी तो पोसत होता. ती त्याला काटकसर शिकवत होती, त्याच्या घरातला एकेक दिवा विझवत होती, आणि खाली अर्धीमुर्धी भट्टी पेटवून त्याचं बिल चढवत होती. वर तो तिचे आभार मानत होता. लाजेने तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सांगायला तर हवंच होतं. पण सांगितलं की खरं बिल तिच्याकडे येणार, आणि ते तिला झेपणार नव्हतं. म्हणजे दादा म्हणाला तसंच. भट्टी विकायची, ऑफिसात बसायचं. आणि नाही सांगितलं तर तो जाणार. दोघांपैकी एकाला हे घर सोडावं लागणार होतं, आणि कुणी ते तिच्याच हातात होतं. दुपारभर ती भट्टीजवळ बसून राहिली. एकदा मनात आलंही, की गप्प बसावं, तो काही परदेशी चाललेला नाही. पण त्या विचाराने ती स्वतःलाच इतकी परकी वाटली, की तिने तोंडावर पाणी मारलं आणि ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

दिवेलागणीला तो आला. ती उभी राहिली.

"बाईंना सांगितलंस?"

"आत्ताच चाललोय."

"नको जाऊस." तिने त्याची वाट अडवली. "मीटर उलटे आहेत. माझी भट्टी तुझ्या बिलात येतेय, पहिल्या दिवसापासून. मला सकाळी कळलं. तुझं बिल माझं आहे, आणि माझं तुझं. मी सगळं फेडीन... हळूहळू फेडीन. घर सोडायचं तर मी सोडते. तू राहा."

तो तिच्याकडे बघत राहिला. तसाच कपाटापाशी गेला, आत डोकावला, दोन्ही दिवे बघितले. मग तिच्या बाजूने, तिला वाट द्यायला लावून, जिना चढून वर गेला. दार लागल्याचा आवाज आला.

ती अंगणात येऊन उभी राहिली. रडू येत होतं आणि येतही नव्हतं. वरच्या खिडक्या काळ्याभोर होत्या.

मग आतल्या खोलीत दिवा लागला. पाठोपाठ दिवाणखान्यातला. स्वयंपाकघरातला, जिन्यातला, गॅलरीतला. तिने स्वतःच्या बोटाने बंद केलेलं एकेक बटण वर पुन्हा लागत होतं. इतक्या दिवसांनी ते घर उजेडाने भरून गेलं, आणि तो उजेड अंगणात तिच्या पायांपर्यंत उतरला. तो गॅलरीत येऊन कठड्यावर टेकला. हसत होता.

"हीटरही लावलाय," तो म्हणाला. "हे सगळं तुझ्या बिलावर आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. आता मात्र ती खरंच रडत होती.

"छान. कंपनी दुरुस्त करेपर्यंत चैन करून घेतो. म्हणजे बरेच दिवस."

"माझ्या भट्टीचं काय करू ते सांग. मला नाही झेपायची ती."

"भट्टी भरल्याशिवाय लावायची नाही. ही पहिली शिकवणी, आता माझी." तो जरा थांबला. "आणि भट्टीचं अर्धं बिल मी देणार. उपकार नाही हं. ऊब माझ्याच फरशीला येते, ती काय फुकट घेऊ?"

"तू रागावला नाहीस?"

"रागावलोय. तू सोडते म्हणालीस म्हणून." हसू मावळलं, आवाज उतरला. "तुला काय वाटलं, मी इतके दिवस अंधारात बिलासाठी बसत होतो? बिल उतरत नाही हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. पण तू रोज काहीतरी बंद करायला वर यायचीस... उजेड ठेवला असता तर तू कशाला आली असतीस?"

खालच्या उघड्या दारातून भट्टीची धग पायांना लागत होती, वरचा उजेड तोंडावर पडत होता.

"मग आता?" तिने विचारलं. "आता बंद करायला काही उरलं नाही."

"वर ये," तो म्हणाला. "या वेळी नुसतीच ये."

हातांवरची माती कपड्यांना पुसत ती जिना चढून गेली. स्वतःच्या घरातला दिवा मालवायला ती विसरली. तो त्याच्या बिलावर जळत राहिला.