हाक न पोचणारी फरशी

लहानपणी आधी आईची हाक यायची आणि मग संध्याकाळ व्हायची. ‘ठकूऽ, ये गं घरी.’ गल्लीच्या टोकाला खेळत असले तरी ती हाक पाठीवर हात ठेवल्यासारखी यायची. मी समोर दिसले तरी ती थांबायची नाही. दारात पोचले तरी नाही. माझा हात तिच्या हातात आला, की मगच तिचं तोंड मिटायचं.

“अहो, आली की पोरगी,” शेजारणी हसायच्या. “आता कुणाला बोलावताय?”

आई माझ्या डोक्यावरून गल्लीकडे बघत दार लावून घ्यायची.

आता आई खाटेला खिळली आहे आणि मी शाळेत मुलांना तरंग शिकवते. वर्गाच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवायचे. दोन्हींतून एकच सूर, पण एकाचा उलटा. हा चढेल तेव्हा तो उतरेल. मुलांनी मधून सावकाश चालायचं आणि आवाज विरला की हात वर करायचा. बरोबर मध्यावर एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो आणि काही उरत नाही.

“मॅडम, मागच्या बाकावर अशी जागा करून द्या ना,” एक जण म्हणाला. “तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही.”

वर्ग हसला. मीही हसले, दमलेलं माणूस हसतं तसं. मग एक स्पीकर बंद केला. मध्यावर उभी असलेली मुलगी दचकली.

“आला की आवाज.”

“येणारच,” मी म्हटलं. “शांततेला दोघं लागतात. एक गप्प झाला, की दुसरा ऐकू येतो.”

घरी हाकांना अंत नव्हता. पाणी नको, कूस बदलायची नाही, नुसती हाक. ठकू. आले, आई. ठकू. आले गं. भाजी करपायची, वह्या तपासायच्या राहायच्या, झोप तुकड्यातुकड्यांनी मिळायची. डॉक्टरांनी आईची छाती तपासली आणि माझ्याकडे बघितलं. “एवढ्याशा दमात हा आवाज निघतो कसा? मला जिन्यात ऐकू आला.”

ती जागा मला योगायोगाने सापडली. आईची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात, कोपरा उडालेली एक फरशी. कपड्यांचा ढीग हातात घेऊन तिथे थांबले आणि हाक विझली. फ्रिजची घरघर येत होती, नळ ठिबकत होता, फक्त आई नव्हती. एक पाऊल पुढे, ठकू. एक पाऊल मागे, ठकू. फरशीवर काही नाही.

मी तिथे स्टूल आणून ठेवलं. लाज वाटली, तरी बसले. भिंतीला डोकं टेकलं आणि किती दिवसांनी डोळा लागला.

भिंतीवरून परतलेला आवाज असेल, असं आधी वाटलं. भिंतीला रजई टांगून पाहिली, कपाट सरकवून पाहिलं. फरक पडेना. शिवाय भिंत हाक परत देते ती दमवून देते. इथे तर काहीच उरत नव्हतं. म्हणजे दुसरीकडून येणारी हाक पहिलीइतकीच ताजी होती. मग मी कपडे वाळत घालायची दोरी सोडली. आईच्या उशीपासून फरशीपर्यंत ताणली, गाठ मारली, आणि तेवढीच दोरी उलट्या दिशेला नेली. ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी पोचली. दाराला कडी होती. दोरी अजून थोडी उरत होती.

मी ती गुंडाळून ठेवून दिली. दमलेल्या माणसाला सगळ्याच गोष्टींची उत्तरं नको असतात.

“तू आजारी पडशील अशाने,” दादा फोनवर म्हणाला. “सेवाकेंद्रात ठेवू तिला. थोडे दिवस तरी. झोप काढ जरा.”

“ती नाही म्हणते.”

“ती कुठे काय म्हणते? नुसती तुझ्या नावाने ओरडते.”

न्यायला गाडी आली तेव्हा आईने माझं मनगट धरलं. “तूही चल.”

“शाळा आहे, आई.”

ती आणखी काही बोलणार होती. पण तिने मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि अंथरुणावर पडले ती दगडासारखी.

‘ठकूऽ.’

“आले, आई.” उठले. पायांनी चपला शोधल्या. तिच्या खोलीत गेले. खाटेवर गादीची वळकटी होती.

बोळातून परतताना पाय त्या फरशीवर पडला.

‘ठकूऽ, ये गं घरी.’

आईचाच आवाज, धापेसकट. मागच्या दाराकडून.

मी तिकडे वळले नाही. पर्स उचलली आणि पुढच्या दाराने बाहेर पडले.

“तुमच्या आई किती शांत हो,” केंद्रातली परिचारिका म्हणाली. “आल्यापासून एक हाक नाही.”

आई उशांना टेकून बसली होती. मी खाटेच्या कडेला बसले.

“इथे का नाही मारत हाका?”

“इथे गरज नव्हती.” तिने पांघरुणाची कड सारखी केली. “सांगणार नव्हते तुला. लहान होतीस तेव्हाही नाही सांगितलं. मी तुला बोलवत नव्हते गं. बोलवायची ती. तिची हाक तुझ्यापर्यंत पोचू नये, म्हणून मी ओरडत राहायचे.”

“ती कोण?”

“ओ दिलीस?”

मी खाली बघितलं. “झोपेत होते. आले म्हणाले.”

आईने माझा हात घट्ट धरला. हात हातात होता, तरी तिचे ओठ उघडले. माझ्या नावाला ते कसे होतात, मला पाठ आहे.

ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती. पंखा ऐकू येत होता. आई नाही.

समोरच्या खाटेवरच्या आजींनी कानांवर हात दाबून धरले.

मागे वळायचं धाडस झालं नाही. आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि मी बरोबर मध्यावर.