पलीकडून घेणारी

मोबाइल खाली ठेव, नीरज. आणि मैत्री, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. हा तुमचा शामरावकाका थाप मारतोय असं वाटत असेल तर जा चौथ्या मजल्यावर, आपल्या खंडेरावांच्या बायकोला विचार. पण नकोच. तिला नका विचारू.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. दुसऱ्या दिवशी खंडेरावांच्या पुतण्याचं बारसं. पाळणा आला, घुगऱ्या भिजत पडल्या, आणि मग सगळ्यांना आठवलं, वरवंटाच नाही! बारशात आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून देतात ना, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत? मग बाळ. आता नोएडात वरवंटा कुठला, घरोघरी मिक्सर.

"मी आणते," हेमलता म्हणाली. खंडेरावांची बायको. पदरी मूल नाही. सासूबाईंनी दुपारीच बजावलं होतं, "उद्या पाळण्यापाशी तू नको हं उभी राहूस." काय म्हणावं अशा माणसांना! बिचारीला एवढंच हवं होतं, एकदा पाळण्याच्या पलीकडून बाळ घ्यायला हात पुढे करायचे. निदान वरवंटा तरी आपल्या हातचा असू दे, म्हणून ती मेट्रोनं निघाली.

दिल्लीत करोल बागेच्या मागे देवळोली संस्थानची जुनी कोठी आहे. तिथला राखणदार ज्ञानोबा तिच्या माहेरच्या गावचा.

"स्वयंपाकघरात आहे ताई, घ्या. फक्त आतून हाक आली तर ओ देऊ नका."

"कुणाची हाक?"

"तिसऱ्या राणीसाहेबांची. माझी आजी सांगायची, वारस हवा म्हणून राजेसाहेबांनी त्यांना करून आणलं. कूस उजवली नाही. मग चौथी आणली. ह्या राणीसाहेब मात्र वरवंट्याला कुंची घालून बारसं करत बसायच्या. एकट्याच. पलीकडून घ्यायला कुणी यायचं नाही."

हेमलतेनं शाल सावरली. ती आत गेली. बाहेर दाट धुकं, आत मिट्ट काळोख. मोबाइलच्या उजेडात पाटा दिसला. पाट्यावर वरवंटा. तिनं हात पुढे केला...

"कुणी गोविंद घ्या..."

बाईचा आवाज. दमलेला.

मोबाइल विझला.

"कुणी गोपाळ घ्या..."

पळावं. ओ द्यायची नाही, हे ठाऊक होतं. पण ते वाट बघणं... ते तिच्या रोजच्या ओळखीचं होतं हो.

"घ्या ना कुणीतरी..."

हेमलतेला रडू फुटलं. तिनं काळोखात दोन्ही हात पुढे केले.

"मी घेते, बाईसाहेब. द्या इकडे."

हातात वजन आलं. कुंची लागली बोटांना. ऊबदार... तिनं ते शालीत घेतलं, खांद्याशी धरलं आणि बाहेर आली.

ज्ञानोबानं आत बॅटरी मारली. "अहो ताई, वरवंटा पाट्यावरच राहिला की! मग हे काय आणलंत?"

तिनं शाल उघडली.

काही नव्हतं.

ज्ञानोबानंच वरवंटा आणून दिला. थंडगार दगड.

बारसं थाटात झालं. हेमलता दाराशी उभी होती, तीच शाल पांघरून. शीला, बाळाची आई, घुगऱ्या द्यायला जवळ आली आणि हसली.

"अगंबाई, वहिनी! खांद्यावर दूध टाकलं की हो बाळानं. तुम्ही कधी घेतलंत त्याला?"

हेमलतेनं खांद्याला हात लावला. डाग ओलाच होता.

बाळाला तर तिच्या हातात अजून कुणी दिलंच नव्हतं...