कापून टाकलेल्या झाडाची सावली

हे घडलेलं आहे. कुणाला पटवून द्यायला मी बसलेलो नाही.

एनेलेसी माझ्या पाठची बहीण. तिच्यावर जे गुदरलं ते तिनं स्वतः मला सांगितलं, आणि पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पदरचा एक शब्द घातलेला नाही.

गाव आमचंच, कापिरी. राजधानीहून, म्हणजे लिलाँग्वेहून, बसनं अर्धा दिवस. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. रात्रबित्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, आणि ऊन असं की कोंबड्या चोची वासून पडल्या होत्या.

गावात वीज म्हणजे दवाखान्याच्या छपरावरची बारा सोलर पॅनेलं. ती सांभाळायला एनेलेसी शहरात सहा महिने राहून शिकून आलेली. रोज सकाळी शिडी लावून काचा पुसायची. पण दवाखान्याच्या पश्चिमेला कबरस्तानाची राई. तिच्यातलं एक महोगनीचं झाड इतकं उंच, की दुपार कलली की त्याची सावली पॅनेलांवर चढायची. बॅटरी अर्धीच भरायची. आठ वाजता दिवे मान टाकायचे.

त्या वर्षी तिची मुलगी लोनेसी गरोदर होती. पहिलीच खेप. आणि आदल्याच महिन्यात एक बाळंतीण, ऐन वेळी दिवा गेला म्हणून, दगावली होती.

"झाड पाडायचं," एनेलेसी म्हणाली.

कबरी खणणाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे म्हातारा बिझविकी. तो म्हणाला, "पोरी, ते झाड माझं नाही, तुझं नाही. खालच्यांचं आहे."

"खालच्यांना सावली कशाला हवी, आजोबा? मातीत ऊन लागतं होय त्यांना?"

लोक हसले. बिझविकी तिच्या पायापाशी थुंकला.

"दिवा हवा ना तुला? मिळेल. बघ त्यात काय दिसतंय ते."

गावप्रमुखानं होकार दिला, पण गावातल्या कुणी कुऱ्हाडीला हात लावला नाही. शेवटी बाजाराच्या गावाहून दोन लाकूडतोडे आणले. गुरुवारी झाड पडलं.

एवढं थोरलं झाड... पण पडल्याचा आवाज कुणालाच आला नाही.

शुक्रवारी तीन वाजता एनेलेसी मीटरसमोर उभी राहिली. आज बॅटरी गच्च भरणार होती.

आकडा चढला.

थांबला.

आणि उतरायला लागला...

ती शिडीवरून छपरावर गेली. पॅनेलांवर सावली होती. फांद्या, डहाळ्या, पानं, सगळं जसंच्या तसं. तिनं पश्चिमेला पाहिलं. तिथं नुसतं मोकळं आभाळ.

वारा अजिबात नव्हता.

सावलीतली पानं हलत होती.

तिनं काचेला हात लावला. हात भाजावा अशी ती वेळ, आणि काच माठासारखी गार. तिनं फडक्यानं पुसून पाहिलं. सावली पुसली गेली नाही. तिच्या मनगटावर चढली.

तेवढ्यात खालून, दवाखान्याच्या दारातून हाक आली.

"ओडी..."

आमच्याकडे दारात आलेला माणूस 'ओडी' म्हणतो आणि घरचा 'ओडिनी' म्हणतो. म्हणजे, या आत. कोण आलंय ते बघायच्या आधीच शब्द तोंडातून निघून जातो.

"ओडिनी!" एनेलेसी वरूनच म्हणाली.

सावली गेली. काचा लख्ख झाल्या. ती खुशीत खाली उतरली.

दारात कुणी नव्हतं.

उंबऱ्यावर अनवाणी पावलं उमटली होती, तांबड्या मातीची. आत गेलेली.

बाहेर आलेलं एकही नाही.

दिवस मावळताना लोनेसीला कळा सुरू झाल्या. तिला दवाखान्यात आणलं. मी तिचा मामा, म्हणून दारात बसून होतो. बॅटरी भरलेली होती. सिस्टर मोलीन आतून ओरडली, "अगं, दिवा लाव की!"

"लावलाय, सिस्टर," एनेलेसी म्हणाली.

"मग मला माझाच हात का दिसत नाही?"

मी आत डोकावलो. दिवा चांगला लख्ख जळत होता. पण खाटेवर अंधार होता. भिंतभर पानं हलत होती. आणि एक जाड फांदी... लोनेसीच्या पोटावर आडवी.

"आई, कुणीतरी माझ्यावर बसलंय गं. उठव त्याला."

मी धावत जाऊन बिझविकीला आणलं. तो दाराबाहेरच थांबला.

"ह्याला कुणी बोलावलं?"

"कुणीच नाही," एनेलेसी म्हणाली.

"बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही. आठव."

एनेलेसीनं उंबऱ्यावरच्या पावलांकडे पाहिलं. "मी... ओडिनी म्हटलं."

"मग कर आता पाहुणचार."

"आजोबा, मी उर्मट बोलले. पोरीचा जीव जाईल. हाकला हो ह्याला!"

"पाहुण्याला हाकलतात होय?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पाहुण्याला वाटेला लावायचं असेल तर घरच्यानं पोचवायला जावं लागतं."

एनेलेसी पुढे झाली. वहाणा काढल्या. खाटेकडे वळून म्हणाली, "चला पाहुणे. उशीर झाला. मी येते पोचवायला."

काहीच झालं नाही.

मग भिंतीवरची पानं... सगळी एकदम थांबली.

ती बाहेर पडली. दारातून अंगणात उजेड पडला होता. त्यात तिची एकटीची सावली पडायला हवी होती.

ती राईत शिरली, आणि इकडे बाळ रडलं. मुलगा. आई आणि लेकरू, दोघं धडधाकट.

आता दिवे पहाटेपर्यंत जळतात. गाव ते वापरतं, आणि एनेलेसीशी कुणी बोलत नाही. ती रोज दुपारी अनवाणी निघते, आणि अंधार पडल्यावर परतते. ज्या नातवासाठी एवढं केलं, त्याला तिनं अजून मांडीवर घेतलेलं नाही.

परवा ती परतल्यावर मी तिच्या घरी गेलो. ती चटईवर बसली होती. मी विचारलंच.

"कुठवर पोचवतेस गं त्या पाहुण्याला?"

"अर्ध्या वाटेपर्यंत."

"मग?"

"मग तो म्हणतो, आता मी तुला पोचवतो. दोघांपैकी कुणीतरी एकानं मागं फिरायचं असतं ना, दादा? तो फिरत नाही."

"कुठवर येतो?"

बाहेर अंगणात पोरगं 'आजी, आजी' करत दाराकडे दुडदुडत येत होतं.

एनेलेसी चटईवर जराशी सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा केली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "जाताना दार ओढून घे. आणि पोराला उचलून ने. आत्ता. पळ."