तांबडा केस

मी सॅनिटरी इन्स्पेक्टर. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, माणसं कुठल्या पाण्याने आजारी पडली ते शोधायचं आणि अहवाल लिहायचा, एवढंच माझं काम. भुताखेतांच्या गप्पा कोणी काढल्या की मी उठून जातो.

१९५८च्या मे महिन्यात घाटंजीपासून आठ मैलांवरच्या एका गावी हगवणीची साथ आली म्हणून सायकलने गेलो. साथ फक्त बौद्ध वस्तीत होती. वस्तीच्या विहिरीजवळ पोचायच्या आधीच वास नाकात शिरला. आत एक तांबडा बैल फुगून तरंगत होता. डोळ्यांच्या खोबणीत अळ्या वळवळत होत्या, पाण्यावर तेलकट तवंग. मी रुमाल नाकाला लावला.

दीड वर्षापूर्वी दीक्षा घेतल्यापासून वस्तीने गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. बैल पंजाबराव पाटलाचा. तीन दिवस गोठ्यासमोर कुजत पडला, कोणी हात लावेना. चौथ्या सकाळी तो वस्तीच्या विहिरीत सापडला. सोडलेलं काम वस्तीतल्या चौघांना स्वतःच्या पाण्यासाठी पुन्हा करावं लागलं. बैल वर आला तेव्हा त्याच्या मागच्या पायांना अंबाडीचा दोर बांधलेला होता, तिहेरी गाठ मारून. गाठीजवळ चाकू घालून मीच तो कापला.

वस्तीतली इंदूबाई पुढे आली. तिची सात वर्षांची नलू आत खाटेवर निपचित पडली होती.

"सायेब, पाटलाच्या हिरीवर आमाले भरू देत नाही. नाल्यातलं गढूळ पाजून राह्यली मी पोरीले. तुमी लिवून द्या ना."

कायद्याने मला ते लिहिता आलं असतं. मी होकाराची मान हलवली आणि पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"बैल पाय घसरून पडला, असं लिवा," पाटील म्हणाला. "गावात भांडण कायले लावता?" त्याने पाण्याचा गडू पुढे केला.

मी तसंच लिहिलं. दोराचं लिहिलं नाही, पाटलाच्या विहिरीचंही नाही. वर पोटभर पाणी प्यालो. जिभेला एक केस चिकटला. तांबडा, आखूड. कपड्यावरून आला असेल म्हणून थुंकून टाकला.

घरी माठातल्या पाण्यात दोन निघाले. माठ फोडला, नवा आणला, त्यातही तेच. बायको पेला उजेडात धरून म्हणायची, "कुठे आहे? स्वच्छ तर आहे." तोच पेला माझ्या हातात आला की तळाशी ओला झुपका. पाणी गाळलं, उकळलं, तुरटी फिरवली. चहात केस, वरणात केस, सकाळी चूळ भरली की दातांत केस. मला माझ्याच थुंकीची किळस यायला लागली. अंगावरचं मांस उतरलं.

जुलैत अहवालाची वही घेऊन वस्तीच्या विहिरीच्या फेरतपासणीला गेलो. वस्तीने तिचा गाळापर्यंत उपसा केला होता, पाणी नितळ होतं. इंदूबाई दारात बसली होती. आतली खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. नलूचं काय झालं ते मी विचारलं नाही.

घसा कोरडा पडला होता. मी पाणी मागितलं.

तिने एक लहानशी लोटी भरून आणली. "नलूची हाये. प्या, गोड हाये पाणी आता."

मी लोटीत पाहिलं. केस नव्हता. एकही नाही. हायसं वाटलं आणि मी घटाघटा प्यालो.

घशात काहीतरी अडकलं.

बोटं घालून ओढलं. अंबाडीचा धागा. हातभर बाहेर आला तरी संपेना.

"काय निंगलं, सायेब?"

मी ओढत राहिलो. पोटातून वर सरकताना तो जाड होत गेला.

शेवटी गाठ आली. तिहेरी. एका अंगाने चाकूने कापलेली.

ती तिलाही दिसली. इंदूबाईने गाठ उचलली, पदराने पुसली आणि माझ्या अहवालाच्या वहीवर ठेवली.